डिस्पोजल नवीन बसवला आणि डिशवॉशर तुंबला - ड्रेन होज नक्की जोडायचा कसा?

अबोली_एनसी

मंडळी जरा मदत हवीये. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात टाउनहाउसमध्ये राहतो. सिंकखालचा जुना गार्बेज डिस्पोजल (खरकटं दळून पाण्याबरोबर पाइपात सोडणारं यंत्र) गळायला लागला होता म्हणून मागच्या आठवड्यात एका हॅंडीमनकडून नवीन बसवून घेतला. सिंक छान चालतंय, डिस्पोजलही चालतोय, आवाजसुद्धा आधीपेक्षा कमी. पण तेव्हापासून डिशवॉशर पाणीच टाकत नाहीये. सायकल संपल्यावर दार उघडलं की तळाला गढूळ पाणी तसंच, वर डाळीचे कण तरंगतायत आणि भांड्यांना एक कुबट ओशट वास. पंप घुर्र घुर्र करतो म्हणजे मेलेला नाहीये, पण पाणी काही जात नाही. फिल्टर काढून घासला, व्हिनेगर टाकून रिकामी सायकल चालवली, ढिम्म फरक नाही. हॅंडीमनला फोन केला तर म्हणतो मी तुमच्या डिशवॉशरला हातच लावला नाही, पंप गेला असेल, नवीन घ्या. मशीन काही फार जुनं नाहीये हो. आणि नवरा आता सेलमध्ये डिशवॉशर बघत बसलाय. सिंकखालचा फोटो पहिल्या प्रतिसादात टाकते.

वाटाण्याच्या_अक्षता

रुमाल टाकून ठेवतो, मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी सविस्तर लिहीन. तोवर कृपया डिशवॉशर विकत घेऊ नका.

टेक्सासतात्या

अबोलीताई, नवऱ्याला आधी लॅपटॉपवरून उठवा. हे म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी चाललंय. डिस्पोजल बदलला आणि त्याच दिवशी डिशवॉशरचा पंप जावा एवढा योगायोग मराठी मालिकांतच होतो.

एक सांगा, नवीन डिस्पोजल बसवताना त्या माणसाने नॉकआउट प्लग काढला होता का? डिस्पोजलच्या अंगाला वरच्या बाजूला एक छोटी नळी बाहेर आलेली असते, तिच्यावर डिशवॉशरचा होज, म्हणजे घाण पाणी बाहेर नेणारा लवचिक पाइप, चढवतात. पण नवीन डिस्पोजल खोक्यातून येतो तेव्हा ती नळी आतून बंद असते. बहुतेक वेळा प्लास्टिकची चकती, काही मॉडेलांत धातूची. कारण सगळ्यांकडे डिशवॉशर नसतो, आणि नसलेल्याच्या घरी ते भोक उघडं राहिलं तर सगळं खरकटं पाणी कॅबिनेटमध्ये. म्हणून कंपनी बंदच पाठवते, आणि डिशवॉशर असेल तर ती चकती आपण फोडायची. तुमच्या माणसाने जुना होज काढून नव्या नळीवर चढवला, क्लिप आवळली, पैसे घेतले, निघून गेला. पंप बिचारा बंद भिंतीवर पाणी आपटतोय.

तो म्हणतो ना की डिशवॉशरला हात लावला नाही, खरंय त्याचं. लावायला हवा होता डिस्पोजलच्या आत.

अबोली_एनसी

तात्या, हे तर कुणी सांगितलंच नव्हतं. पण खात्री कशी करायची? उगाच सगळं उचकटून ठेवायचं आणि मग पंपच गेलेला निघायचा असं नको व्हायला.

टेक्सासतात्या

खात्री सोपी आहे आणि पंपाचाही निकाल त्यातच लागतो. आधी ब्रेकर पाडा, डिस्पोजलचा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणून समाधान मानू नका, कुणीतरी येऊन लाइट समजून दाबतं. मग सिंकखालचं सामान बाहेर काढा, जुना टॉवेल अंथरा, खाली बादली ठेवा. डिस्पोजलच्या नळीवरची क्लिप सैल करा (पुण्यामुंबईत तिला जुबली क्लिप म्हणतात, स्क्रू ड्रायव्हरने पिळायची ती) आणि होज हलकेच हलवत ओढून काढा. होजमध्ये साठलेलं पाणी येणार, वास येणार, तयारी ठेवा. आता होजचं तोंड बादलीत धरा आणि नवऱ्याला सांगा डिशवॉशर ड्रेनवर लावायला. बऱ्याच मशीनांत कॅन्सल किंवा स्टार्टचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की ते पाणी टाकायला लागतं. होज घट्ट धरा बरं का, जोरात येतं. बादलीत धो धो पाणी आलं तर पंप ठणठणीत आहे, विषय संपला. मग टॉर्च घेऊन डिस्पोजलच्या त्या नळीत बघा. आरपार काळोख दिसला तर भोक उघडं आहे. समोर सपाट भिंत दिसली तर प्लग तिथेच बसलाय.

आडवातिडवा

एवढा खटाटोप कशासाठी? मुळात डिस्पोजलला डिशवॉशर जोडायचाच कशाला? आमच्याकडे डिस्पोजलच नाही. खरकटं कंपोस्टमध्ये, डिशवॉशरचा होज सरळ सिंकच्या पाइपला. एक मशीन दुसऱ्या मशीनच्या गळ्यात बांधायचं आणि मग दोघांच्या नावाने रडायचं.

क्वीन्सची_राणी

आडवातिडवा, तुमचं अगदीच चूक नाहीये, पण त्यांच्याकडे डिस्पोजल आहे आणि नळीपण आहे, मग वापरू दे की. आमच्याकडे न्यूयॉर्कात उलटी गंमत. इथे शहराच्या बऱ्याच भागात डिस्पोजलवर बंदीच होती, गटारांवर ताण येईल म्हणून, ती १९९७ मध्ये उठली. तरी अजून कितीतरी जुन्या बिल्डिंगा परवानगी देत नाहीत, आमची त्यातलीच. त्यामुळे आमचा डिशवॉशर सिंकच्या खालच्या उभ्या पाइपला जोडलाय. त्या पाइपलाच बाजूने एक फाटा असलेला तुकडा मिळतो, डिशवॉशर टेलपीस म्हणून मागायचा. व्यवस्थित चालतंय.

फक्त एक, तो फाटा पी-ट्रॅपच्या आधी हवा. म्हणजे सिंक आणि तो वाकडा पाइप (ज्यात पाणी साठून गटाराचा वास अडतो) यांच्या मधे. ट्रॅपच्या पुढे भिंतीकडे जाणाऱ्या पाइपला होज जोडला तर गटाराचा वास थेट डिशवॉशरमध्ये. माझ्या मावसबहिणीच्या घरी आधीच्या मालकाने असं करून ठेवलं होतं. घर घेतल्यावर कितीतरी दिवस त्यांना वाटायचं उंदीर मेलाय कुठेतरी.

मुळशीवाला

पुण्याहून डोकावतोय. आमच्याकडे डिस्पोजल वगैरे भानगड नाही, खरकटं ओल्या कचऱ्याच्या बादलीत. पण डिशवॉशर आता निम्म्या सोसायटीत आलेत. ड्राय बाल्कनीत मशीन, आणि होजचं तोंड सरळ खाली नहाणी ट्रॅपमध्ये कोंबलेलं. शेजारच्यांचं मशीन पाणी भरत राहतं, भरत राहतं आणि मधेच एरर देऊन बंद पडतं. कंपनीचा माणूस येऊन गेला, म्हणतो मशीन ओके आहे. याचा होजशी काही संबंध असेल का?

वाटाण्याच्या_अक्षता

आलो. मीटिंग लांबली.

तात्यांनी प्लगचं सांगितलंच आहे, मी दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल लिहितो कारण अबोलीच्या फोटोत मला तेच दिसतंय. फोटो मोठा करून बघा. होज डिशवॉशरकडून कॅबिनेटच्या भोकातून येतो, तळाला फळीवर लोळतो, साबणाच्या बाटल्यांमागून जातो आणि तिथून वर डिस्पोजलला चढतो. हे चुकीचं आहे. प्लग निघाला तरी हे चुकीचंच राहणार, आणि आज नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी परत धागा काढावा लागेल.

होज कॅबिनेटमध्ये शिरला की आधी सरळ वर, अगदी काउंटरटॉपच्या खालच्या अंगाला टेकेल इतका वर न्यायचा, तिथे पट्टी किंवा क्लॅम्प मारून पक्का करायचा आणि मग खाली वळवून डिस्पोजलच्या नळीला आणायचा. याला हाय लूप म्हणतात. कारण सांगतो. गवंडी लोक पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची लेव्हल काढतात ते बघितलंय ना? नळी कशीही वाकवा, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. इथे नळीचं एक टोक सिंकमध्ये आहे आणि दुसरं डिशवॉशरमध्ये. सिंक तुंबलं, डिस्पोजल खरकट्याने भरला, आणि पाणी वर चढलं, तर होज जोपर्यंत खाली लोळतोय तोपर्यंत ते घाण पाणी पंप-बिंप काही न लागता आपल्या पायाने चालत डिशवॉशरमध्ये जाणार. तुमच्या धुतलेल्या ताटवाट्यांवर. होज उंच नेला की सिंकमधलं पाणी त्या उंचीच्या वर गेल्याशिवाय पलीकडे पडू शकत नाही.

मुळशीवाला, तुमच्या शेजाऱ्यांचं दुखणं याच घराण्यातलं आहे, फक्त उलट दिशेने. होजचं तोंड जमिनीलगत सोडलं की सायफन लागतो. मशीन वरून पाणी भरतंय आणि होज खालून ओढून घेतोय, मशीनला वाटतं भरतच नाहीये. होज उंच नेऊन मग खाली सोडायला सांगा आणि त्याचं तोंड ट्रॅपच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, हवा लागू दे. किती उंच ते त्यांच्या मशीनच्या पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं, इन्स्टॉल करणारा ते पान उघडत नाही एवढंच.

आडवातिडवा

पण डिशवॉशरमध्ये वनवे व्हॉल्व असतोच की! पाणी परत येऊच शकत नाही. लूप-बिप सगळं यूट्यूबवाल्यांचं खूळ आहे.

वाटाण्याच्या_अक्षता

असतो ना, बहुतेक मशीनांत असतो. रबराची एक छोटी झडप. तिच्यात एक लिंबाची बी अडकली की वनवेचा टूवे होतो. आणि यूट्यूबच्या कितीतरी आधीपासून मशीनच्या पुस्तिकेत लूप लिहिलेला आहे. प्लंबिंगच्या कोडमध्येसुद्धा आहे. नॉर्थ कॅरोलायनाचा कोड ज्या आंतरराष्ट्रीय प्लंबिंग कोडवर बेतलाय त्यात स्पष्ट म्हटलंय की डिस्पोजलला जोडताना होज वर चढवून सिंकच्या कडेच्या किंवा काउंटरच्या खालच्या अंगाला पक्का केला पाहिजे. काही मशीनांच्या स्वतःच्या अंगावर मागे होजचा लूप आधीच बांधून येतो हे खरं. तरी कॅबिनेटमध्ये होज फळीवर लोळू द्यायला ते कारण नाही.

फ्रीमाँटकर

आमच्या कॅलिफोर्नियात लूपवर भागत नाही, इथे एअर गॅप लागतो. सिंकच्या मागे नळाच्या शेजारी ती स्टीलची ठेंगणी टोपी दिसते ना, पाहुणे विचारतात हे काय, तीच. डिशवॉशरचा होज आधी तिच्यात येतो, पाणी आतल्या आत मोकळ्या हवेतून उडी मारतं आणि दुसऱ्या जाड होजने खाली डिस्पोजलला जातं. दोन्हीच्या मधे हवा असल्याने घाण पाणी परत जाण्याचा प्रश्नच येत नाही. लूपमध्ये सिंक काठोकाठ भरलं तर थोडी धाकधूक असते, यात नसते. दिसायला बंडल आहे हे मान्य.

पण माझा प्रॉब्लेम वेगळाय. महिनाभरापासून डिशवॉशर पाणी टाकायला लागला की त्या टोपीतून भसाभसा पाणी काउंटरवर येतं. बायको म्हणते ही टोपीच काढून टाक. काढू का?

टेक्सासतात्या

अजिबात काढू नका, ती टोपी आपलं काम चोख करतेय. पुढे रस्ता बंद असला की पाणी मशीनमध्ये परत न जाता बाहेर पडावं म्हणूनच तिला भोकं ठेवलेली असतात. म्हणजे तुमच्या टोपीपासून डिस्पोजलपर्यंतच्या होजमध्ये कुठेतरी अडलंय. स्टीलचं कव्हर उचला, आतलं प्लास्टिकचं झाकण फिरवून काढा, केर असेल तर साफ करा. बहुतेक तिथे फारसं सापडणार नाही. मग खाली जाऊन तो जाड होज बघा, ७/८ इंची असतो, वरचा डिशवॉशरकडून येणारा ५/८ चा. जाड होज मधेच पोट सुटल्यासारखा लोंबत असेल तर त्या खोलगट भागात तूप, डाळ आणि साबण यांचा गाळ बसतो. डिस्पोजलच्या बाजूने काढा, आत डोकवा, गाळ काढा. लांबी जास्त असेल तर कापून असा बसवा की टोपीपासून डिस्पोजलपर्यंत सलग उतारच राहील. त्या होजला वर-खाली वळसे द्यायचे नाहीत, लूपचा नियम त्याला नाही.

आणि हो, कॅलिफोर्नियात कुणी नवा डिस्पोजल बसवून प्लग काढायला विसरला तर पाणी मशीनमध्ये तुंबत नाही, पहिल्याच सायकलला सगळं काउंटरवर येतं. तिथल्या लोकांना लगेच कळतं, आपल्यासारख्या एअर गॅप नसलेल्यांना वास आल्यावर.

अबोली_एनसी

अपडेट. बादलीवाली टेस्ट केली. इतक्या जोरात पाणी आलं की निम्मं नवऱ्याच्या शर्टावर, आणि पंप एकदम धडधाकट आहे!! नळीत टॉर्च मारला तर समोर काळी चकचकीत भिंत. तात्या तुमच्या पाया पडते. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतच होतं मला, इथे तर अक्षरशः मुरत होतं.

आता ती चकती काढायची कशी? बोटाने दाबून बघितलं, हलत पण नाही.

टेक्सासतात्या

बोटाने नाही हलायची. ब्रेकर पाडलेलाच आहे ना, तो तसाच राहू द्या. लांब दांड्याचा चपटा स्क्रू ड्रायव्हर नळीत घाला, टोक चकतीच्या मध्यावर न ठेवता कडेला ठेवा आणि हातोडीने ठोका. एकदम घाव नाही, नारळ फोडत नाही आहोत. टकटक करत कडेकडेने फिरा. एका बाजूने सुटली की बाकीची आपोआप सुटते आणि आत पडते.

आत पडते हे महत्त्वाचं. ती डिस्पोजलच्या पोटात पडलीय, तिथून काढायलाच हवी. वरून सिंकच्या तोंडातल्या रबराच्या पाकळ्या बाजूला करून टॉर्चने बघा आणि लांब चिमट्याने नाहीतर पक्कडीने उचला. हात घालू नका. लोकांना वाटतं डिस्पोजल सगळं दळतो तर हीपण दळेल, पण ती आत थैमान घालते, मोटर अडकते, नाहीतर तुकडे पुढे जाऊन ट्रॅपमध्ये बसतात. पूर्ण चकती हातात आली का बघा, अर्धीच आली तर उरलेली शोधा. नळीच्या आत कडेला प्लास्टिकचे बारीक तुकडे राहिले असतील तर तेही खरवडून टाका, नाहीतर तिथेच कोथिंबिरीची काडी अडकेल आणि तिच्यामागे सगळी वरात.

अबोली_एनसी

निघाली! नवऱ्याने ठोकली, मी टॉर्च धरला, लेकाने बटाटे उचलायच्या चिमट्याने बाहेर काढली. ती चकती आता त्याच्या खेळण्यांत गेलीय. होज परत लावून ड्रेन चालवलं, सगळं पाणी क्षणात गायब. इतका आनंद घर घेतलं तेव्हापण झाला नव्हता.

पण आता जोडावर थेंब थेंब गळतंय. क्लिप अजून आवळू का?

वाटाण्याच्या_अक्षता

आवळण्याआधी बघा की होज नळीवर पूर्ण चढलाय का. होजच्या शेवटी जे रबरी टोक असतं त्याला पायऱ्या असतात, वेगवेगळ्या मापांसाठी. डिस्पोजलची नळी साधारण ७/८ इंची असते, जुन्या जोडणीत तुमचं टोक लहान पायरीवर असेल तर ते नव्यावर नीट बसणार नाही. पायरी कापून मोठं माप उघडं करता येतं, पण फक्त रबरी टोकच कापा. पुढचा जो वळ्यावळ्यांचा प्लास्टिक होज आहे त्याला सुरी लावली तर संपलं, वळ्यांवर क्लिप कधीच धरत नाही. माप जुळतच नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात डिस्पोजलला डिशवॉशर जोडायचा रबरी कनेक्टर मिळतो, दोन्ही बाजूंना वेगळी मापं, दोन क्लिपा सोबतच येतात. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, एमसील तर नकोच नको. इथे पाणी अडवतं ते रबर आणि क्लिप. क्लिप नळीच्या अगदी तोंडाशी नको आणि अगदी मुळाशी नको, मधे हवी. आवळायची ती रबर थोडं दबेल इतकीच. जोर लावून पिळलीत तर प्लास्टिकच्या नळीला तडा जाईल आणि मग अख्खा डिस्पोजल बदला.

आणि लूप!! लूप केला का?

अबोली_एनसी

तुमचं बरोबर होतं, टोक अर्धवटच चढलं होतं. गरम पाण्यात बुडवून मऊ केलं आणि ढकललं, आता कोरडं ठणठणीत. टिश्यू पेपर गुंडाळून ठेवलाय जोडाला, रात्रभर बघते.

लूप उद्या. आमचा काउंटर ग्रॅनाइटचा आहे, त्याच्या खाली स्क्रू कसा मारायचा?

मुळशीवाला

ग्रॅनाइटला भोक पाडू नका ताई, कॅबिनेटच्या बाजूच्या फळीला अगदी वरच्या कोपऱ्यात पट्टी मारा. काम तेच. लांबी पुरेल ना तेवढी बघा, आणि वळण घेताना होज चेपला नाही पाहिजे, गोल वळू दे.

इकडची बातमी अशी की शेजाऱ्यांचा होज वर उचलून भिंतीला बांधला आणि सोडलेलं तोंड ट्रॅपच्या पाण्याबाहेर ठेवलं. मशीन शहाण्यासारखं भरतंय. काकू पुरणपोळ्या देऊन गेल्या, क्रेडिट वाटाण्याच्या_अक्षतांचं पण पोळ्या मी खाल्ल्या.

वाटाण्याच्या_अक्षता

माझ्या नावाप्रमाणे मला अक्षताच.

रवाळ_लाडू

धागा वाखूसा (वाचनखूण साठवली). एक शंका. आमच्याकडे सगळं नीट जोडलेलं आहे, लूप पण आहे, तरी कधी कधी डिशवॉशर पाणी टाकताना सिंकमधून बुडबुडे येतात आणि काळपट पाणी वर येतं. दर वेळी नाही, मधूनच.

टेक्सासतात्या

डिस्पोजल भरलेला असताना डिशवॉशर लावता का? डिशवॉशरचं पाणी डिस्पोजलच्या पोटातूनच पुढे जातं हे लोक विसरतात. आत काल रात्रीचा भात बसलेला असेल तर पंपाच्या पाण्याला खाली वाट नाही, मग ते वर सिंकमध्ये येतं. डिशवॉशर लावायच्या आधी गार पाणी सोडून डिस्पोजल थोडा वेळ फिरवा, आतलं सगळं पुढे जाऊ द्या, आवाज मोकळा झाला की बंद करा. मशीनच्या पुस्तिकांतही हेच सांगितलेलं असतं.

आणि आपल्या स्वयंपाकघरातलं जे जे म्हणून त्या डिस्पोजलला चालत नाही ते सगळं आपण प्रेमाने घालतो. शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा, मक्याच्या कणसाचे केस, केळीची सालं, फरसबीच्या शिरा हे सगळं आत दोरीसारखं गुंडाळलं जातं. शिळा भात आणि पोहे पाण्यात फुगून ट्रॅपमध्ये खळ होतात. चहाचा चोथा बारीक असतो म्हणून जाईल असं वाटतं, तोच तळाला चिखलासारखा बसतो. फोडणीचं उरलेलं तेल आणि तुपाच्या भांड्याचं धुवण तर पाइपात थिजून पुढच्या सगळ्याला धरून ठेवतं. आंब्याची कोय कुणी टाकत नसेल अशी आशा आहे, पण आमच्या एका पाहुण्यांनी टाकली होती. डिस्पोजल उरलंसुरलं दळायला आहे, ताटातलं सगळं ओतायला नाही.

रवाळ_लाडू

शेवगा... हो. आमच्या घरी दर रविवारी आमटी असते. आता कळलं.

फ्रीमाँटकर

तात्या, होज खरंच लोंबत होता आणि त्यात साबणाच्या वडीसारखा पिवळा गोळा. काढला, कापून सरळ केला, टोपी आता शांत. बायकोला सांगितलं की इन्स्पेक्शनला टोपी नसली तर लफडं होईल, तेव्हा कुठे तिचा विचार बदलला.

आता नवीन भानगड, डिस्पोजलचं बटण दाबलं की नुसता हम्म असा आवाज, फिरत नाही. गोळा काढताना काही आत पडलं असेल का?

टेक्सासतात्या

पडलंच असणार, क्लिपचा स्क्रू वगैरे. हम्म करत असेल तर लगेच बंद करा, तसंच ठेवलं तर मोटर तापते. ब्रेकर पाडा, वरून टॉर्चने बघा, काही दिसलं तर चिमट्याने काढा. मग डिस्पोजलच्या बुडाला मधोमध षटकोनी भोक असतं, बऱ्याच मॉडेलांत असतं, त्यात १/४ इंची ॲलन की घालून दोन्ही बाजूंनी मागेपुढे फिरवा. मोकळं फिरायला लागलं की ॲलन की काढून घ्या, बुडालाच लाल रीसेटचं बटण असतं ते दाबा आणि मग ब्रेकर चढवा. की आत ठेवून कुणी चालू करू नका म्हणजे झालं.

रसीनवाला

अवांतर, पण राहवत नाही. हे डिस्पोजल प्रकरण आमच्या गावचं. विस्कॉन्सिनमधलं रसीन, मिलवॉकीच्या खाली मिशिगन तळ्याच्या काठी. जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने १९२७ मध्ये इथे पहिला बनवला, पेटंट १९३५ मध्ये मिळालं आणि १९३८ मध्ये त्याने इनसिंकरेटर कंपनी काढली. गावात आल्यावर लोक अभिमानाने सांगतात.

आडवातिडवा

वा, म्हणजे सगळ्या भांडणाचं मूळ सापडलं.

अबोली_एनसी

लूप झाला. बाजूच्या फळीला पट्टी मारली, होज काउंटरच्या तळाला टेकवला, गोल वळवून डिस्पोजलला आणला. टिश्यू पेपर सकाळी कोरडा होता. मग मुद्दाम सिंक बुच लावून अर्ध्याहून जास्त भरलं आणि एकदम सोडून दिलं, डिशवॉशरच्या तळाला एक थेंब आला नाही. जुना डिस्पोजल होता तेव्हा हेच करताना आत पाणी यायचं, आम्हाला वाटायचं सायकलचंच राहिलेलं असेल. नवऱ्याने डिशवॉशरची टॅब बंद केली, आता एअर फ्रायर बघतोय.

हॅंडीमनला चकतीचा फोटो पाठवला. उत्तर नाही.

क्वीन्सची_राणी

फोटोवर अंगठा तरी द्यायचा त्याने.

एक प्रश्न माझाही, धागा बंद व्हायच्या आत. माझी भाची ओहायोत भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जातेय. तिथे डिस्पोजल आहे पण आधीचे मालक डिशवॉशर सोबत घेऊन गेले आणि तिचा नवीन यायला वेळ आहे. त्या डिस्पोजलच्या नळीतला प्लग तर आधीच फोडलेला असणार ना? मग सिंक वापरलं की तिथून पाणी येईल. चकती परत बसवता येते का?

टेक्सासतात्या

फोडलेली चकती परत बसत नाही, चिकटवायचा प्रयत्नही करू नये. त्या नळीवर चढवायची रबरी टोपी मिळते, ७/८ इंची मागायची, हार्डवेअरच्या दुकानात डिस्पोजलच्याच कपाटात असते. ती चढवून वर जुबली क्लिप आवळायची, टिश्यू गुंडाळून एक दिवस बघायचं. डिशवॉशर आला की टोपी काढा, होज लावा. टोपी आणेपर्यंत सिंकचा तो भाग वापरू नका म्हणावं, दोन भागांचं सिंक असेल तर दुसऱ्यात भांडी विसळायची. पण दोन्हीचं पाणी खाली एकत्र होतं, पाइप तुंबला तर या नळीतूनही येईल, म्हणून खाली बादली ठेवायचीच.